खाज नाही, कळ नाही, तरी टीबी!

डाव्या हाताची बाही जरा वर सरकवा. खांद्याच्या खाली, दंडावर, किंचित आत बसलेला एक गोल वण दिसतोय? घरातली वडीलधारी माणसं त्याला ‘देवी टोचल्याची खूण’ म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या दंडावर ती तशी असेलही. पण भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि त्यानंतर काही वर्षांत ती लसच बंद झाली. तुमचा जन्म त्यानंतरचा असेल तर तुमच्या दंडावरची खूण बीसीजीची. म्हणजे थेट टीबीशी नातं सांगणारी.

आता गंमत ऐका. बीसीजी देताना नर्सबाई बाळाच्या कातडीच्या आत, एका मिलिलिटरचा विसावा भाग एवढंसं औषध सोडतात. त्यात जिवंत जंतू असतात. दोन-तीन आठवड्यांनी तिथे बारीक गाठ येते, ती पिकते, फुटते, खपली धरते आणि तीनेक महिन्यांत वण उरतो. थोडक्यात, सरकारने तुम्हाला बारशाच्याही आधी कातडीचा एक छोटासा, माणसाळवलेला टीबी मुद्दाम करून दिला होता, खऱ्या टीबीशी चार हात करता यावेत म्हणून. पिकलेल्या जागी हळद, तेल, शेक असलं काहीही करायचं नसतं. आजीच्या बटव्याला तेवढ्यापुरती सुट्टी.

हे जंतू माणसाळवायला वेळ किती लागला? १३ वर्षं. फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेरँ या दोघांनी १९०८ साली गाईच्या टीबीचा जंतू घेतला आणि पित्त-ग्लिसरीनमध्ये शिजवलेल्या बटाट्याच्या फोडींवर तो वाढवायला घेतला. एका फोडीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, असे २३० फेरे. मधे पहिलं महायुद्ध झालं, शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी बटाटे चालूच. १९२१ साली पहिल्या बाळाला लस मिळाली. क्वचित, अगदी क्वचित, याच लसीच्या जागी खराखुरा कातडीचा क्षयही उगवल्याच्या नोंदी आहेत. म्हणून वर्षानुवर्षं वाढत राहणारा बीसीजीचा डाग डॉक्टरांना दाखवायचा.

हजारात दोन-चार

टीबी म्हटलं की डोळ्यांसमोर खोकला येतो. पण टीबीचा जंतू नखं आणि केस सोडले तर शरीरात कुठेही बिऱ्हाड करतो. टीबीच्या साधारण पाचातला एक रुग्ण फुप्फुसाबाहेरचा असतो आणि अशा शंभरात एक-दोघांना तो कातडीचा. हिशेब केला तर हजार टीबीवाल्यांत दोन ते चार. कमी वाटतात ना? पण जगातल्या दर चार टीबी रुग्णांमागे एक भारतातला आहे, म्हणून आपल्याकडे त्वचारोगाच्या ओपीडीत डॉक्टरांना हा पाहुणा अधूनमधून भेटतोच.

पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांत तो कसा वागेल, हे जरा डोळ्यांपुढे आणून पाहू. (वेल्ह्याचं सरकारी नाव आता राजगड तालुका, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच.) इथे १४०३ मीटरचा तोरणा आहे, राजगड आहे, रायरेश्वराचं पठार आहे, भाटघर, पानशेत, गुंजवणीची धरणं आहेत आणि त्यांच्या पाठीमागे डोंगराच्या कुशीत अडकलेल्या वाड्यावस्त्या आहेत. अशा वाडीतून कातडीच्या डॉक्टरला गाठायचं म्हणजे आधी नसरापूर नाहीतर कापूरहोळचा फाटा, मग महामार्ग, मग पुणे. दिवसाची मजुरी बुडवून एवढी यातायात माणूस कधी करेल? दुखलं तर. खाजलं तर. ताप भरला तर. आणि हा आजार नेमका या तिन्ही बाबतींत मुका.

एका बाजूने बरा, दुसऱ्या बाजूने पुढे

कातडीच्या क्षयाचे प्रकार पुष्कळ. मोठ्या माणसांत नेहमी आढळणारा म्हणजे लूपस व्हल्गॅरिस. (लूपस नावाचा दुसरा एक आजार आहे, सांधे आणि मूत्रपिंड धरणारा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) लालसर-तपकिरी, जरा उंचावलेला चट्टा. एका कडेने तो पुढे सरकतो आणि मागे सोडलेल्या जागेवर पांढुरका, पातळ व्रण पडतो. मधला भाग बरा झालेला पाहून माणूस म्हणतो, “उतरतोय.” खरं तर चट्टा शेजारची जागा घेत असतो. पाच वर्षं, दहा वर्षं, वीस वर्षं. चेहऱ्यावर असला तर नाकाची पाळी, कानाची पाळी कुरतडून टाकतो. दशकानुदशकं तसाच ठेवलेल्या चट्ट्यात कधीकधी कर्करोगही होतो.

युरोपातल्या जुन्या पुस्तकांत हा आजार म्हणजे चेहऱ्याचा आजार. भारतातले डॉक्टर मात्र वेगळंच सांगतात: आपल्याकडे तो बऱ्याचदा नितंबावर, मांडीवर, पायावर असतो. जमिनीवर बसण्याची सवय, खरचटणं, लहानपणचं उघड्या अंगाने खेळणं, अशी कारणं त्यामागे दिली जातात. जंतू खरचटलेल्या जागेतून आत जातो, हा त्यातला धागा. आता अशा जागेचा डाग कोण कुणाला दाखवतंय? बाई नवऱ्याला सांगत नाही, नवरा डॉक्टरला सांगत नाही. दुखत नाही म्हटल्यावर तर नाहीच नाही.

याची एक तपासणी मोठी झकास आहे आणि तिला खर्च शून्य. डॉक्टर एक स्वच्छ काचपट्टी घेतात आणि चट्ट्यावर दाबतात. दाबाने रक्त बाजूला सरतं, लाली पुसली जाते आणि काचेखाली पिवळसर-तपकिरी, अर्धपारदर्शक ठिपके उरतात. साध्या सुजेत सगळंच फिकट पडतं. इथे ठिपके जागचे हलत नाहीत. इंग्रज डॉक्टरांना त्यात सफरचंदाची जेली दिसली आणि जगभर तेच नाव चिकटलं. आपल्याकडे कुणी ते नाव ठेवलं असतं तर काकवीचा थेंब म्हटलं असतं. सावळ्या कातडीवर हा रंग दर वेळी स्पष्ट दिसेलच असं नाही, म्हणून खरा निकाल कातडीचा तुकडा काढून, तपासूनच लागतो.

गळ्यातली माळ

मुलांत आणि तरुणांत जास्त दिसतो तो प्रकार म्हणजे गंडमाळ (मानेतल्या गाठींची माळ) फुटून कातडीपर्यंत आलेला क्षय. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत गंडमाळ आणि अपची यांची वर्णनं आहेत, तेव्हा ओळख जुनीच.

याची चाल अशी. मानेवर, जबड्याखाली किंवा काखेत एक गाठ येते. घट्ट, न दुखणारी. महिन्याभरात शेजारी दुसरी, तिसरी. मग ती मऊ पडते. साधं गळू म्हटलं की जागा गरम, लाल, ठणका असा की झोप लागत नाही. इथे जागा गारच. डॉक्टर त्याला ‘थंड गळू’ म्हणतात ते उगीच नाही. वरची कातडी निळसर-जांभळी होते आणि एक दिवस फुटते. आतून पातळ पाणी आणि पनीरच्या चुऱ्यासारखा पांढरा पदार्थ येतो. जखमेच्या कडा आतून पोखरलेल्या असतात, त्याखाली चिमटा सहज सरकतो. भरून आली तरी कातडीचे पूल बांधल्यासारखे गोळा झालेले व्रण उरतात.

इथे एक चूक फार सर्रास होते. गाठ मऊ लागली की कुणीतरी चिरा देऊन “घाण काढून” टाकतं. घाण निघते, पण चिरा भरत नाही. महिनोन्‌महिने तिथून पाझरतच राहतं, पट्ट्या बदलत राहतात, अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स होतात. मूळ दुखणं गाठीत आणि गाठीचं कारण जंतूत. त्या जंतूला साध्या अँटिबायोटिकची फिकीर नाही.

पूर्वी इंग्लंड-फ्रान्समध्ये याच गंडमाळेवर रामबाण इलाज होता: राजाचा हात. राजाने मानेला स्पर्श केला की रोग जातो, अशी पक्की श्रद्धा. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स तर या कामात पट्टीचा. त्याच्या कारकिर्दीत नव्वद हजारांहून जास्त माणसं मान पुढे करून गेली. पुढे इंग्रजीचा थोर कोशकार झालेला सॅम्युएल जॉन्सन लहान असताना, १७१२ साली, त्याला अशाच स्पर्शासाठी राणी ॲनपुढे नेलं होतं. राणीने दिलेलं सोन्याचं पदक त्याने जन्मभर गळ्यात घातलं. मानेवरचे व्रणही जन्मभर राहिले. आमच्या भोरच्या पंतसचिवांना संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत बऱ्याच गोष्टी पाहाव्या लागल्या, पण रयतेच्या माना चाचपण्याची ड्यूटी काही त्यांच्या वाट्याला आली नाही.

युरोपातल्या गंडमाळेचं एक मोठं कारण होतं कच्चं दूध. गाईचा टीबी दुधातून मुलांच्या घशात आणि तिथून मानेच्या गाठींत. आपल्याकडे दूध घरात आलं की पहिलं काम ते उकळवणं. साय धरावी म्हणून उकळवतात की जंतू मरावेत म्हणून, याची चौकशी जंतू करत नाहीत.

चिखल, काटा आणि एक फ्रेंच डॉक्टर

भोर-वेल्ह्यात पावसाळा म्हणजे चिखलणी आणि भातलावणी. आठवडेच्या आठवडे पाय पाण्यात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडतात, टाचांना भेगा, त्यात काटे, त्यात धारदार दगड. पायाला काही झालं तर “चिखल्यांचं असेल”, घट्टा दिसला तर “कुरूप असेल”, खरखरीत उंचवटा आला तर “चामखीळ असेल”. दहातल्या नऊ वेळा खरंच तसंच असतं.

दहाव्या वेळी काय असू शकतं? खरखरीत, भेगाळलेला, चामखिळीसारखा पण पसरत जाणारा चट्टा, तळपायावर, घोट्यावर नाहीतर हाताच्या बोटावर. दाबलं तर कधी भेगेतून थेंबभर पू. हा कातडीचा चामखिळी क्षय. यात जंतू बाहेरून येतो: कुणीतरी जमिनीवर थुंकलेलं असतं, त्यावर अनवाणी पाय पडतो आणि पायाला जखम असते. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे हा प्रकार होतो चांगली प्रतिकारशक्ती असलेल्याला. त्याच्या शरीराला टीबीची ओळख आधीच झालेली असते, म्हणून ते जंतूला जागच्या जागी कोंडून धरतं. कोंडलेला जंतू वर्षानुवर्षं तिथेच कुरूप होऊन बसतो. माणूस ब्लेडने तासतो, मेडिकलमधून कुरुपाची पट्टी आणतो, कुणी डाग देतो. चट्टा आपला जिथल्या तिथे.

हाँगकाँगमधल्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात हाच प्रकार लहान मुलांच्या गुडघ्यांवर आणि बुडावर पाहिला. मुलं रस्त्यावर बसून खेळायची, आणि मोठी माणसं रस्त्यावर थुंकायची.

या चामखिळीचा सगळ्यांत नामवंत रुग्ण मात्र शेतकरी नव्हता. रेने लेनेक हा फ्रेंच डॉक्टर तुमच्या ओळखीचा आहे, नाव ठाऊक नसलं तरी. १८१६ साली त्याने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीवर ठेवली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. त्याआधी एकदा, टीबीने गेलेल्या माणसाचे मणके करवतीने कापताना ती करवत त्याच्या बोटाला लागली. बोटावर गाठ उठली, तिचं त्याने स्वतःच बारकाईने वर्णन लिहून ठेवलं आणि तिथे डाग देऊन ती घालवलीही. बोट बरं झालं. लेनेक १८२६ साली फुप्फुसाच्या टीबीने गेला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या आणि खाटकांच्या हातावरच्या या चामखिळीला पुढे त्यांच्याच धंद्याची नावं पडली. गोंदणाच्या सुया आणि कान टोचणं यांमधूनही कातडीचा क्षय शिरल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. जत्रेत टॅटू काढून घेण्याआधी सुई नवी आहे का, एवढं विचारायला काही लाजायला नको.

शेरलॉक होम्सचा बाप बर्लिनला जातो

२४ मार्च १८८२. रॉबर्ट कॉख बर्लिनमध्ये जाहीर करतो की टीबीचा जंतू सापडला. (हाच दिवस आपण जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतो.) आठ वर्षांनी तो आणखी मोठी आरोळी ठोकतो: टीबीवर औषध सापडलं! नाव ट्यूबरक्युलिन. आत काय आहे, हे मात्र गुपित.

औषध गुणकारी आहे हे दाखवायचं कुणावर? फुप्फुसाच्या आत काय चाललंय हे डोळ्यांना दिसत नाही. मग पुढे केले गेले कातडीच्या क्षयाचे रुग्ण. सुई टोचली की त्यांच्या चेहऱ्यावरचे चट्टे काही तासांत लालबुंद व्हायचे, सुजायचे, खपल्या धरायचे. बघणारे थक्क. जगभरचे डॉक्टर आणि रुग्ण बर्लिनकडे धावले. त्यांत इंग्लंडमधला एक तरुण डॉक्टर होता, आर्थर कॉनन डॉईल. होम्सची पहिली कथा छापून येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्याला या औषधावरच्या व्याख्यानाच्या दालनात जागाच मिळाली नाही. एका अमेरिकन डॉक्टरने आपली टिपणं दिली, दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन याने रुग्ण पाहिले आणि लिहून टाकलं की घाई होतेय, हा इलाज सिद्ध झालेला नाही. डॉईलचं निदान बरोबर निघालं. ट्यूबरक्युलिनने बरं कुणी झालं नाही, काहींचं बिघडलं.

पण ते औषध वाया गेलं नाही. चार्ल्स माँतू या फ्रेंच डॉक्टरने त्याचाच सौम्य थेंब हाताच्या कातडीत टोचून टीबीची चाचणी बनवली. आपण सर्रास ‘माँटू’ म्हणतो ती हीच. ४८ ते ७२ तासांनी बघायचं, आणि मोजायची ती लाली नाही, घट्टपणा. काही डॉक्टर बॉलपेनची रेघ बाहेरून आत ओढत नेतात. जिथे पेन अडलं तिथे घट्टपणाची हद्द. मोठ्या माणसांत ही चाचणी एकटी फारसं काही सिद्ध करत नाही, कारण आपल्या देशात कितीतरी निरोगी लोकांच्या अंगात हा जंतू निजून असतो.

उजेडाला नोबेल

वैद्यकाचं तिसरं नोबेल पारितोषिक कशाला मिळालं? कातडीच्या टीबीच्या इलाजाला. साल १९०३, मानकरी डेन्मार्कचा नील्स फिन्सेन. कॉखला टीबीसाठी नोबेल मिळालं ते त्याच्यानंतर दोन वर्षांनी.

फिन्सेन स्वतः कायमचा आजारी. उन्हात बसलं की बरं वाटतं, म्हणून त्याचं उजेडाकडे लक्ष गेलं. १८९५ साली त्याने कोपनहेगनमधल्या एका इंजिनिअरच्या चेहऱ्यावर वीजकंपनीच्या कार्बन दिव्याचा झोत सोडला; त्या माणसावर आधी सगळे उपाय करून झाले होते. चट्टा हटला. मग मोठी यंत्रं आली. मधोमध लखलखता दिवा, त्यातून चार दिशांना निघालेल्या दुर्बिणीसारख्या नळ्या, प्रत्येक नळीखाली एक रुग्ण, आणि प्रत्येक रुग्णाशेजारी एक नर्स. तिचं काम काय? पाण्याने थंड ठेवलेलं स्फटिकाचं भिंग चट्ट्यावर दाबून धरायचं, म्हणजे रक्त सरकून उजेड खोल जाईल. एका बैठकीला तासभर, आणि तेवढ्यात नाण्याएवढी जागा उरकायची. पूर्ण गालाला किती महिने लागत असतील, करा हिशेब. डेन्मार्कची लेक आणि इंग्लंडची सून अलेक्झांड्रा हिने १९०० साली असला दिवा लंडनच्या रुग्णालयाला भेट दिला.

फिन्सेनची समजूत होती की अतिनील किरण जंतू मारतात. एकविसाव्या शतकात डॅनिश संशोधकांनी त्याची जुनी भिंगं काढून तपासली. ती भिंगं अतिनील किरणांचा महत्त्वाचा भाग अडवत होती! काम केलं होतं निळ्या-जांभळ्या उजेडाने: जंतूमधल्याच एका रंगद्रव्याला पेटवून. इलाज बरोबर, कारण चुकीचं, नोबेल पक्कं.

त्यानंतर १९४० च्या दशकात ड जीवनसत्त्वाचे जबरदस्त डोस देऊन याच चट्ट्यांवर उपचार झाले. तेही थोड्याच वर्षांत मागे पडले, कारण खरी औषधं आली.

जंतूविना पुरळ

हा तर कहरच. लहान मुलाच्या पोटावर, पाठीवर बारीक बारीक कातडीच्याच रंगाचे पुरळ उठतात. घामोळं समजून पावडर लावली जाते. किंवा बाईच्या पोटऱ्यांवर मागच्या बाजूला लालसर गाठी येतात, फुटतात, भरतात, पुन्हा येतात. दोन्हीत तुकडा काढून पाहिला तर टीबीचा जंतू सहसा दिसतच नाही. कारण तो तिथे राहत नाही. तो असतो दुसरीकडे, एखाद्या गाठीत किंवा छातीत, आणि शरीर त्याच्यावर चिडून कातडीवर आरडाओरडा करतं. टीबीची औषधं सुरू केली की पुरळ जातात. थोडक्यात कातडी आतल्याची चुगली करते.

कुष्ठ की क्षय?

टीबीचा आणि कुष्ठाचा जंतू सख्खे चुलत भाऊ. चट्टेही कधीकधी एकमेकांची नक्कल करतात. फरक ओळखायची सोपी युक्ती म्हणजे कापसाची वात. डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर वात टेकवायची. कुष्ठाच्या चट्ट्यावर बहुधा कळत नाही. क्षयाच्या चट्ट्यावर कळतं.

महाराष्ट्रात आरोग्य खातं कुष्ठ आणि क्षय यांची शोधमोहीम एकत्रच घेतं, आशाताई घरोघर जातात. ओसरीवरचा संवाद साधारण असा रंगतो:

“आजी, अंगावर कुठं डाग, चट्टा?”

“हाय की ह्यो पायावर. पण दुखत न्हाई गं बाई काय.”

“किती दिवस झाले?”

“नातू रांगत होता तवापास्नं.”

नातू आता पाचवीत. “दुखत न्हाई” हे उत्तर ऐकलं की पाठ वळवायची नसते, पुढे वाकायचं असतं. आणि लगोलग दुसरा प्रश्न: घरात कुणी दोन आठवड्यांच्या वर खोकतंय का? कातडीच्या क्षयापासून शेजारच्याला सहसा धोका नसतो. आजीसोबत जेवायला, झोपायला काही हरकत नाही. पण ज्याच्याकडून तो आला त्याच्या, किंवा आजीच्याच छातीत जो टीबी लपलेला असेल, तो खोकल्यातून पसरतो. म्हणून चट्टा पायाला असला तरी एक्स-रे छातीचा काढतात.

अंडी, हिरवा रंग आणि दोन बाटल्या

टीबीचा जंतू आळशी. पोटातला साधा ई-कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. याला त्यासाठी वीसेक तास लागतात. म्हणून प्रयोगशाळेत त्याची पैदास दिसायला सहा-आठ आठवडे जातात. ती ज्या खाद्यावर करतात, त्यात मुख्य वस्तू कोंबडीची अंडी. त्यात इतर जंतूंना आवर घालणारा हिरवा रंग घालतात, म्हणून बाटलीतलं हे ऑम्लेट गर्द हिरवं दिसतं.

कातडीच्या क्षयात जंतू मुळातच विरळ असतात, त्यामुळे तुकडा काढताना एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची ठरते. तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये जातो, सूक्ष्मदर्शकासाठी. दुसरा भाग साध्या सलाईनमध्ये ठेवावा लागतो, पैदाशीसाठी. सगळाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडाला की जंतू मेले, आणि मग अंडी काय करणार! म्हणून तुकडा काढायचं ठरलं की “डॉक्टर, दोन बाटल्या ना?” असं विचारलं तर डॉक्टर रागावणार नाहीत, उलट जरा चमकून बघतील. जंतूचे जनुक तासा-दोन तासांत शोधणारी यंत्रंही आता आहेत. त्यांतलं ट्रूनॅट गोव्यात बनतं आणि बॅटरीवर चालतं, म्हणजे लाईट गेलेल्या तालुक्यातही.

गोळ्या, नारिंगी लघवी आणि पांचगणी

इलाज मात्र फुप्फुसाच्या टीबीचाच. सहा महिने, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. वजनाप्रमाणे रोज गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट. महिना-दीड महिन्यात चट्टा बसायला लागतो, गाठ आटते. निदानाची शंका असली तर डॉक्टर याच बदलाकडे डोळे लावून असतात. आणि नेमकं तेव्हाच रुग्ण म्हणतो, “झालं की बरं,” आणि गोळ्या सोडतो. तसं करायचं नाही.

याउलट ज्या गोष्टीने बरं होत नाही ती मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते: स्टेरॉइड मिसळलेली, नायट्यावर, खरजेवर, गजकर्णावर सगळ्यांवर चालणारी ट्यूब. चट्ट्याची लाली चार दिवस उतरते, जंतूला मोकळं रान मिळतं आणि तपासणारा डॉक्टर पुढे चक्रावून जातो.

चार औषधांतलं रिफाम्पिसिन मोठं रंगेल. फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्याजवळच्या मातीतून १९५७ साली इटालियन शास्त्रज्ञांनी त्याचं मूळ काढलं आणि तेव्हा गाजत असलेल्या ‘रिफिफी’ या दरोडेपटावरून नाव ठेवलं. ते घेतलं की लघवी नारिंगी, घाम नारिंगी, अश्रूही नारिंगी. पहिल्या सकाळी माणूस घाबरून दवाखान्यात येतो. उलट नर्सबाईंना त्यात समाधान असतं: गोळी पोटात गेली म्हणायची! कॉन्टॅक्ट लेन्स मात्र काढून ठेवाव्यात, त्या रंगल्या तर धुऊन निघत नाहीत.

उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेचे पैसे बँक खात्यात येतात. २०१८ साली महिन्याला ५०० रुपये सुरू झाले, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. फुप्फुसाचा टीबी असो की पायावरचा, योजना दोघांना सारखीच. फक्त नाव नोंदवलेलं हवं आणि खातं चालू.

एके काळी टीबी झाला की माणसाला डोंगरावर पाठवत. भोरहून मांढरदेवीचा घाट उतरून वाई, तिथून वर पांचगणी. तिथे १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी टीबीसाठी बेल-एअर सॅनिटोरियम काढलं. थंड हवा, सकस आहार, महिनोन्‌महिने पडून राहणं. ज्याला परवडे तो जाई. मग १९५६ साली मद्रासमध्ये एक प्रयोग झाला. गरीब वस्तीतल्या काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवून औषध दिलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच. निकाल जवळजवळ सारखेच लागले, आणि घरच्यांना लागणही जास्त झाली नाही. जगभरच्या सॅनिटोरियमांचे दिवस भरले. आता वेल्ह्यातला माणूस गोळ्यांची पट्टी घेऊन घरी येतो, लावणी करतो, बैल धुतो आणि सहा महिन्यांत बरा होतो. पांचगणीला जायचंच असेल तर स्ट्रॉबेरी खायला जावं.